पाऱ्याची पेटी आणि सेलचं मशीन

जयप्रकाशांनी तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं बीपीची पाऱ्याची मशिनं दुरुस्त केली. त्यांचा हात लागला की डॉक्टर लोक निर्धास्त असायचे. आणि अशा माणसाच्या नेरूळच्या घरात सुनेनं, क्षिप्रानं, सेलवर चालणारं मशीन आणावं म्हणजे काय म्हणायचं!

वर त्या मशीननं वैजयंतीबाईंचं बीपी दाखवलं एकशे बहात्तर. जयप्रकाशांनी नाक मुरडलं. आपली पाऱ्याची पेटी काढली, बायकोच्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला, हवा भरून सोडत गेले. एकशे अडतीस. वर्षभर असंच छान येत होतं. त्याच भरवशावर त्यांनी तिची गोळी बंद केली होती, तीही डॉक्टरांना न विचारता.

आता मात्र गडी चक्रावला. नवे सेल घातले, तरी एकशे सत्तर. पेटीत पारा बरोब्बर शून्यावर टेकत होता. रबरी नळी पाण्यात बुडवली, बुडबुडा नाही. डावा हात झाला, उजवा झाला, बसवून झालं, निजवून झालं.

"अहो, बास करा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "डोकं धरलंय सकाळपासून."

"उन्हानं असेल," ते म्हणाले खरे, पण आतून टरकले होते. दोनातलं एक मशीन खोटं होतं, आणि ते पेटीतलं निघालं तर बायकोच्या जिवाशी खेळ झाला होता.

"बाबा, मी ऐकू एकदा?" क्षिप्रानं विचारलं.

त्यांनी स्टेथोस्कोप तिला दिला. "पारा उतरताना पहिला ठोका ऐकू आला की सांग. तोच वरचा आकडा."

"आला."

पारा एकशे सत्तरवर होता. "नीट ऐक गं," ते करवादले. पुन्हा हवा भरली. पुन्हा तिथंच, "आला."

मग त्यांनी स्वतः कानात घातला. एकशे सत्तर. साठ. पन्नास. कुठे काही नाही. एकशे अडतीसला कुठे पहिला ठोका लागला.

पेटी खरी होती. सेलचं मशीनही खरं होतं. जयप्रकाशांनी स्टेथोस्कोप काढला आणि आपला कान चाचपून पाहिला. क्षिप्रा डॉक्टरांना फोन लावायला उठली.

"तुझी गोळी मीच बंद केली," ते बायकोचा हात धरून म्हणाले.

वैजयंतीबाई हळूच काहीतरी बोलल्या. जयप्रकाशांनी सुनेकडे पाहिलं.

"काय म्हणाली ती?"