महारोग्यांची खिडकी

माझी फजिती ऐकायचीच असेल, तर आधी चहा ओतून घ्या. तिची सुरुवात माझ्या विद्वत्तेपासून होते, त्यामुळे जरा वेळ लागेल.

दोन हजार चौदा साली सिंगापुरात, क्लेमेंटीला लेकाकडे तीन महिने राहिलो होतो. लेक-सून ऑफिसात, मी लायब्ररीत. तिथे इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चांवर एक जाडजूड पुस्तक सापडलं. प्रलंबित फाईल हातावेगळी करावी तसं मी ते वाचून काढलं.

तेवढ्यात पुण्याहून आमचे व्याही आले. सबनीस, बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर. लग्नाच्या बैठकीपासून हा माणूस मला भिंतींबद्दल सांगत आलाय. लेकाच्या फ्लॅटमध्ये चपला काढायच्या आधी त्यांनी भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "प्रीकास्ट. कारखान्यात ओतून आणलेली." एकदा, फक्त एकदा, भिंतीबद्दल मी बोलावं आणि त्यांनी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसवून शहरातल्या एका जुन्या चर्चमध्ये नेलं.

तुम्ही म्हणाल, सिंगापुरात मध्ययुगीन चर्च कुठून आलं? नाहीच आलं. पण बांधलं इंग्रजांनी, जुन्या नमुन्यावरून. आणि जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला एवढं कळतं, की नमुना आला की सगळे रकाने आलेच.

पुस्तकातले रकाने भरत गेले. टोकदार कमानी, बाहेरून भिंतीला दिलेले टेकू, पूर्वेला वेदी. व्याही चक्क मान डोलावत होते. राहिला एकच रकाना, महारोग्यांची खिडकी. वेदीजवळच्या भिंतीत तीही दिसली. दीड हाताची चौकोनी खाच, मागून विटांनी बुजवलेली.

"पूर्वी महारोग्यांना आत यायला बंदी असायची," मी आवाज खाली आणला. "ते बिचारे बाहेर उभे राहून अशाच खिडकीतून पूजा बघायचे."

"आणि हे खालचं बारीक भोक?"

"पूजेची भांडी धुतलेलं पवित्र पाणी. गटारात जाऊ नये म्हणून थेट जमिनीत सोडायचे."

व्याह्यांनी डोळे मिटून हात जोडले. मागून एक इंदूरच्या बाई म्हणाल्या, "अंकल, जरा हिंदी में बताइए ना." हिंदीत एका महारोग्याचे तीस झाले आणि त्यांच्यावर पाऊसही पडू लागला. बाईंनी डोळ्यांना ओढणी लावली.

तेवढ्यात फरशी पुसणारे चिनी अंकल मॉपवर हनुवटी टेकून म्हणाले, "धिस वन एअरकॉन होल लाह. ओल्ड एअरकॉन, टेक आउट ऑलरेडी. स्मॉल होल फॉर वॉटर."

बाईंनी ओढणी खाली घेतली. मी छताकडे बघू लागलो.

बाहेर आल्यावर व्याह्यांनी स्वतः होऊन दोन कोपी, म्हणजे तिथल्या कॉफ्या, घेतल्या. शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"अहो, सरकारी विश्रामगृहांत एसीसाठी अशी शंभर भोकं पाडून घेतलीत मी. भोकाचा उतार बघितला की कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके रंगला होता. म्हटलं, बोलू द्यावं माणसाला एकदा."

"अहो, पण मग त्या भोकाला हात कशाला जोडलेत?"

व्याह्यांनी कोपीचा घोट घेतला. "भोकाला नाही जोडले," ते म्हणाले. "तुम्हाला जोडले."