आईचा पहिला समुद्र

अंदमानला पोहोचलो त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं आणि किनाऱ्यावर शेवाळाची काळपट रास पडली होती. मी हिरमुसले. महिनाभर मोबाईलवर निळंशार पाणी बघत आले होते, आणि समोर हे गढूळ, राखाडी.

"फोटोत असं नव्हतं," मी चिडून म्हणाले. "त्यात उद्याची बोटही रद्द. एवढ्या लांब येऊन सगळं वाया गेलं."

आई माझ्यापुढे चार पावलांवर होती. सगळं आयुष्य जालन्यात गेलेलं, समुद्र ती पहिल्यांदाच बघत होती. चपला हातात घेऊन ती घोटाभर पाण्यात उभी होती. लाट परतताना पायाखालची वाळू सरकली की एकटीच खुदकन हसत होती. माझं बोलणं कानावर पडलं आणि तिचं हसू थांबलं. बाहेर येऊन तिने साडीचा काठ पिळला.

"खरंच गं, काही खास नाही. चल, खोलीवर जाऊ."

निघण्याआधीच मी मनात एक बेट सजवून ठेवलं होतं. आईने काहीच ठरवून आणलं नव्हतं, म्हणून तिला अख्खा समुद्र मिळाला होता. तो मी एका वाक्यात काढून घेतला.

मी तिला हाताला धरून परत पाण्यात नेलं. "छान आहे गं आई, खरंच."

लाट आली, वाळू सरकली. आई हसलीसुद्धा. पण हसण्याआधी तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून घेतलं.