ओल धरलेला फ्लॅट

पेंटरला त्या फ्लॅटच्या व्यवहारात कुणी फसवलं असतं, तर एक वेळ कीव तरी करता आली असती. पण छे! सगळं डोळ्यांनी बघून, भिंतीवर बोटं वाजवून, हसत हसत त्याने तो घेतला.

तीस वर्षं माणूस भाड्याचे फ्लॅट रंगवत आला. एक भाडेकरू गेला की दुसरा येण्याआधी त्याला बोलावणं यायचं. कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठल्या खिडकीखाली पोपडे सुटतात, सगळं तोंडपाठ. एजंट म्हणायचा, "पेंटर, कोपरा तेवढा झाक." की हा भिंत खरवडून, पुट्टी ओढून, वर रंगाचे दोन हात मारून मोकळा. मालक लगेच भाडं वाढवायचा. घाम याचा, भाडं त्याला! हे त्याला लागून राहिलं होतं, आणि लागण्यासारखंच होतं.

मग तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला, ओलीमुळे बराच स्वस्तात. एजंटने याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "अरे, दुसऱ्याला ओल दिसते, तुला त्यात सूट दिसायला हवी! हात तुझे, मजुरी शून्य. भाड्यातून हप्ता जाईल, वर चार पैसे सुटतील." पेंटर हुरळला. बँकेला तारण हवं होतं, आणि तारणाला होतं काय? बायकोचं घर. तिच्या आईने तिच्या नावावर केलेल्या दोन खोल्या, कोरड्या, भरपूर उन्हाच्या. तिथल्या खिडकीशी बसून ती लोकांचे कपडे शिवायची.

"ओल जाईल ना नक्की?" तिने विचारलं.

"अगं, मग तीस वर्षं मी काय झक मारली?"

तिने सही केली.

आता खरं सांगायचं तर त्याने आयुष्यभर ओल झाकली होती, घालवली कधीच नव्हती. पाणी झिरपत होतं भिंतीत गाडलेल्या सामाईक पाइपातून. तो बदलायचा तर सगळ्या मजल्यांनी पैसे काढायला हवेत, आणि त्या इमारतीत एकही मालक राहत नव्हता. सगळे याच्यासारखेच, लांबून भाडं खाणारे. त्याने बैठक बोलावली. चौघे आले, चहा प्याले, बघू म्हणाले आणि गेले.

पहिला भाडेकरू सात महिन्यांत निघून गेला. दुसऱ्याची मुलगी खोकून खोकून बेजार झाली. सामान उतरवताना तो पेंटरच्या तोंडावर म्हणाला, "काका, तुम्हाला माहीत होतं." पेंटरने मान खाली घातली, आणि त्याच दुपारी, काय म्हणावं या माणसाला, पुन्हा पुट्टी कालवली. पण तिसरा भाडेकरू काही मिळेना. हप्ते तुंबले. बँकेची नोटीस बायकोच्या नावाने आली, तेव्हा तोडगाही त्या मेल्या एजंटनेच काढला. "वहिनींचं घर कोरडं आहे, हातोहात जाईल. ते भाड्याने द्या आणि तुम्ही या फ्लॅटात राहायला या."

पेंटरने चार दिवस खपून फ्लॅट रंगवला. इतकं मन लावून त्याने कुणाचंच घर रंगवलं नव्हतं. डागाचं नाव नाही. बायको शिलाई मशीन घेऊन आली, आत आली आणि भिंतीवर तळवा टेकून बराच वेळ उभी राहिली. भिंत गार होती.

"माझ्यापासूनही झाकलंत?"

"तुला जरा बरं वाटावं म्हणून गं."

"भाडेकरूंनाही आधी बरंच वाटायचं," ती म्हणाली. "पण ते निदान उठून गेले. मी कुठे जाऊ? माझं घर तर तुम्ही भाड्याने दिलंत."