बाबांच्या गाडीचं ग्राफिक कार्ड

संगणकाच्या खोलीत कापूस भरायचा निर्णय माझाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचा दोष मी दुकानाला, उन्हाला, विजेला, सगळ्यांना देऊन पाहिला आणि तो कुठंच नीट बसला नाही.

आमचं गाव पांढरकवड्याच्या अलीकडं, हैदराबाद रोडला लागून. बाबांनी याच रोडवर तीस वर्षं ट्रक चालवला, शेवटची काही वर्षं स्वतःचा. तीन वर्षांमागं त्यांना लकवा मारला. डावा हात गेला आणि वाचा गेली. हात पुढं थोडा हलायला लागला, पण तोंडातून "हं"च्या पलीकडं काही निघेना. ट्रक दारात उभा राहून खराब व्हायला लागला, तसा मी तो विकून टाकला. बाबांना विचारलं नाही. विचारलं तरी ते बोलणार थोडेच आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं तेव्हा बाबा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

मग मला माझा कॉलेजच्या वेळचा संगणक आठवला. त्यात ट्रक चालवायचा एक जुना गेम होता. मी खेळण्यातलं एक स्टिअरिंग आणून टेबलाला बसवलं आणि बाबांना त्यापुढं बसवलं. दुसऱ्याच दिवशी गेममधली एक गाडी आडवी आली आणि बाबा खणखणीत ओरडले, "बाजू दे ना बे!" आई कणकेच्या हातानं धावत आली. आम्ही तिघंही रडलो. बाबा रडता रडता गिअर टाकत होते.

त्या खुर्चीवर बसलं की शब्द यायचे, उठलं की जायचे. डॉक्टर म्हणाले, होतं असं, चालू ठेवा. "डिप्पर दे." "हवा चेक कर." आणि एक दिवस त्याच खुर्चीवरून, "चहा मांड." आईनं त्या दिवशी चार वेळा चहा मांडला.

गेल्या हिवाळ्यात शेतातला कापूस घरी आला. भाव मनासारखा नव्हता, म्हणून सगळं गाव करतं तसं आम्हीही तो घरातच भरून ठेवायचं ठरवलं. बाबांची ती संगणकाची खोली कोरडी, उंदीर कमी. मी म्हटलं, इथंच ओता. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कापूस, मधोमध बाबा आणि त्यांचा ट्रक. बाबा खूश होते. गाडी भरलेली असली की ड्रायव्हरला बरं वाटतं. संक्रांतीनंतर एका दुपारी पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि मग नुसता अंधार.

यवतमाळला संगणक दुरुस्त करणारे एक काका आहेत, बाबांच्याच वयाचे. त्यांनी डबा उघडून ग्राफिक कार्ड बाहेर काढलं, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. त्याच्या पंख्यात कापसाचे पेळू अडकले होते. "मास्तर, तुमच्या पंख्यानं तर वाती वळल्या! समईत लावा आता," ते म्हणाले. मीही हसलो. कार्ड जळालं होतं. ते कळल्यावरही मी थोडा वेळ हसतच होतो.

तसंच कार्ड आता यवतमाळात मिळत नव्हतं. मी शाळेत गणित शिकवतो. आकडा मोठा ती वस्तू चांगली, एवढंच माझं या विषयातलं गणित. म्हणून मी चार जीबीच्या एका कार्डावर बोट ठेवलं.

"जीबी पाहून काहून घेता?" काका म्हणाले. "हे पोट मोठं आणि चाल बैलबंडीची. हे दोनवालं चांगलं पळते, पण त्याले वेगळी वायर लागते आणि तुमच्या पावर सप्लायमधी ते हायेच नाही."

तिसरं त्या डब्यात मावेना. चौथ्याला पंखा होता. पंखा मला नकोच होता, कारण कापूस अजून घरातच होता आणि भाव काही हलत नव्हता. शेवटी एक वापरलेलं, बिनपंख्याचं, नुसत्या धातूच्या पट्ट्यांचं कार्ड निघालं. वायरही नको, जागाही कमी. "जुना गेम आरामात चालन," काका म्हणाले. एसटीत मी ते मांडीवर धरून बसलो. बाबांचं बोलणं घरी घेऊन चाललोय असं वाटत होतं.

कार्ड बसलं. गेम सुरू झाला. रस्ता, झाडं, पाट्या, सगळं पहिल्यापेक्षा स्वच्छ. बाबांनी स्टार्टर मारला, सवयीनं उजवीकडं पाहिलं आणि थांबले. ट्रकचे दोन्ही आरसे काळे ठिक्कर होते.

"बाबा, मागं कोणी नाही. चाला," मी म्हटलं.

त्यांनी आरशाकडं बोट केलं आणि हात खाली घेतला. दुसरा कोणी असता तर चालवला असता, गेमच तर आहे. पण तीस वर्षं आरसा पाहिल्याशिवाय ज्यानं गाडी जागेवरून हलवली नाही, त्याला हे कसं सांगायचं?

मी सगळी बटणं दाबून पाहिली. काकांनी कार्ड बदलून दिलं, तरी आरसे काळेच. नागपूरहून जुन्यासारखंच एक मागवलं, ते आलं तेच मेलेलं. शेवटी काका फोनवर म्हणाले, "नव्या कार्डाले जुन्या गेममधली ते गोष्ट समजत नाही, मास्तर. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

बाबा रोज बसायचे. स्टार्टर मारायचे, उजवीकडं पाहायचे, बंद करायचे. आधी "डिप्पर" गेलं, मग "हवा". मग चहाही आई न मागताच ठेवायला लागली.

होळीच्या सुमारास कापूस विकला. खोली रिकामी झाली आणि बोललेलं घुमायला लागलं. त्या दिवशी बाबा बसले, स्टार्टर मारला, काळ्या आरशाकडं पाहिलं, बंद केला. मग माझ्याकडं वळले. लकव्यानंतरचं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य त्यांनी एकही अक्षर न अडखळता म्हटलं.

"आता हेही गाडी इकून टाक."

आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून पळत आली. तिचा चेहरा असा फुललेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. "बोलले ना? काय म्हनलं रे त्यायनं?"

"चहा मांड म्हनलं," मी सांगितलं.

ती लगबगीनं आत गेली.