रिकाम्या हातांचे पाढे

मुलगी चौथीत गेली त्याच महिन्यात तिची मांडी मोडली. मांजर बघायला म्हणून पाण्याच्या ड्रमवर चढली आणि मांजरासकट खाली आली. मांजराला काही झालं नाही. हिच्या मांडीत ऑपरेशन करून स्टीलची पट्टी बसवावी लागली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड नीट धरेपर्यंत शाळा नको, मुलांची ढकलाढकल तर अजिबात नको.

आमचे हे रेल्वेत, रुळांच्या कामावर. त्यांच्या नोकरीपायी आम्ही पूर्णेत. माझं माहेर पार खाली कोकणात, इतकं लांब की तिकडून कुणी नारळ पाठवला तर इथे येईस्तोवर त्याला कोंब फुटतो.

मला हाडाची भीती नव्हती, हाड जुळतं. मला वर्षाची भीती होती. मी सहावीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला वर्षभर घरी बसले. पुढच्या जूनला शाळेत गेले तर माझ्या मैत्रिणी पुढच्या वर्गात, आणि मी लहान मुलींमध्ये माडासारखी उभी. दिवाळीपर्यंत कशीबशी तग धरली. नंतर गेले नाही. कुणी काढलं नाही, कुणी बोलावलंही नाही. म्हणून मी ठरवलं, हिला घरी शिकवायचं आणि जूनमध्ये तिच्याच मैत्रिणींबरोबर पाचवीत बसवायचं. काही झालं तरी.

"सहावीपर्यंत गेलेली चौथीला शिकवणार," हे म्हणाले. "दोन इयत्ता शिल्लक आहेत तुझ्याकडे, कर खर्च."

हिच्या मैत्रिणीची आई रोज संध्याकाळी फोनवर वहीचे फोटो पाठवायची. एकदाही कंटाळली नाही बिचारी. पण खरी शाळा सुरू झाली ती अक्कांमुळे. अक्का आमच्या क्वार्टरच्या मागे राहतात. शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांच्या, आणि मिळेल तेव्हा रोजाने जातात. एक दिवस त्यांनी बियाण्यासाठी फोडायला आणलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं अर्धं पोतं पोरीच्या खाटेशी आणून टेकवलं.

"पोरगी नुसती आढ्याकडं बघायलीय गं माय. बेजार व्हईल. फोडू दे तिला शेंगा."

मी म्हटलं, फोड, पण पाढे म्हणत फोड. आणि आमचं जमलं. शेंग फुटली की आकडा, शेंग फुटली की आकडा. साताचा पाढा जो मला आजही अडतो, तो तिने एका दुपारी संपवला. भागाकार दाण्यांवर झाला. समान वाटण्या करायच्या आणि बाकी उरेल ती शेळीला. शेळी त्यामुळे दुपारी बरोबर गणिताच्या वेळी दारात येऊन उभी राहायची. तांदूळ निवडताना कविता, तुरीच्या शेंगा सोलताना गडांची नावं. एकदा पुस्तकातल्या नकाशाचं पान शेळीने ओढलं. कोकणपट्टी गेली, मराठवाडा तेवढा उरला.

"तुजं माहेर खाल्लं बग," अक्का म्हणाल्या. "आता इथंच ऱ्हा."

मार्चपर्यंत ती काठीशिवाय चालायला लागली आणि चौथीचं सगळं तोंडपाठ झालं. मला वाटलं, जिंकलो.

पाचवी दुसऱ्या शाळेत होती. यांची ड्यूटी होती म्हणून जूनमध्ये अक्का माझ्यासोबत आल्या. मुख्याध्यापिका बाई शांत, चष्मा डोक्यावर. म्हणाल्या, "वर्षभर शाळेत आलीच नाही ना ही? चौथी परत करू द्या. एका वर्षाने काय बिघडतं?"

मी पुढे सरकले. म्हटलं, "मॅडम, घरी केलंय सगळं. विचारून बघा."

त्यांनी नऊचा पाढा विचारला. पोरगी गप्प. आठचा विचारला. गप्प. मग दोनाचा, आणि तोही येईना.  ती मॅडमकडे बघतच नव्हती. फ्रॉकची कड चिमटीत धरून सारखं सोलल्यासारखं करत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. या पोरीने वर्षभरात एकसुद्धा पाढा रिकाम्या हातांनी म्हटलेला नाही.

मी अक्कांच्या कानात सांगितलं. त्या उठल्या, शाळेची खिचडी शिजते त्या खोलीकडे गेल्या आणि तिथल्या स्वयंपाकाच्या बाईकडून मटकीचं ताट घेऊन आल्या.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"निवडायची हाय न्हवं?" अक्का म्हणाल्या. "तेवढाच तुमच्या बाईला हातभार."

ताट मांडीवर आलं आणि पोरीचं तोंड उघडलं. खडा बाजूला, नऊ दुणे अठरा, खडा बाजूला, नऊ त्रिक सत्तावीस. नऊ झाला, आठ झाला, न विचारता सातही झाला. मॅडमनी भागाकार घातला. तिने उत्तर सांगितलं आणि वर म्हणाली, "बाकी दोन, शेळीला."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ताटात खडा राहिलाय का ते बघितलं. मला वाटलं, गेलं. मग म्हणाल्या, "येतंय तिला. पण पेपरला मटकी कुठून देऊ मी? महिनाभर पाचवीत बसवते. हात रिकामे ठेवून सांगता आलं पाहिजे. नाही जमलं तर चौथी."

तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. घरी रोज सराव. पाट मांडायचा, हाताची घडी घालायची, मग पाढा. पोरगी म्हणायची, "आई, आकडा कुठून येतो तेच कळत नाही." मी ओरडायची, आणि ओरडता ओरडता माझेच हात लसूण सोलत असायचे. अक्का दारातून म्हणायच्या, "आधी तू हात गप ठिव गं माय. पोरगी तुजं बघून करायलीय." मग आम्ही दोघी घडी घालून समोरासमोर बसायचो, फोटोला बसल्यासारख्या. हे ड्यूटीवरून आले की विचारायचे, "आज कुणाला शिक्षा झाली?"

हळूहळू जमलं. आधी अडखळत, मग सरळ. महिना संपत आला तेव्हा भाजीबाजारात मॅडम भेटल्या. मला बघून थांबल्या.

"पाढे म्हणते आता छान," त्या म्हणाल्या. "पण हाताची घडी अशी घट्ट घालते की लिहायला सांगितलं तरी सोडत नाही. दोनदा मी स्वतः हातात पेन दिलं."

 म्हटलं, "घरी सांगते मी. पण मॅडम, चौथी..."

"कसली चौथी," त्या वांगी चाचपत म्हणाल्या. "नाव कधीच चढवलंय पाचवीच्या पटावर. पेनाचं आम्ही बघतो, तुम्ही आता काही शिकवू नका."

एवढं गोड आजवर कुणी मला बोललं नव्हतं. तिथेच बाजाराच्या कडेला उभी राहून आईला कोकणात फोन लावला. पाढे, मटकी, मॅडम, सगळं एका दमात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ता सगळा ऱ्हवांदे," ती म्हणाली. "पाय कसो आसा तिचो?"

पायाचं मी महिन्याभरात कुणाला विचारलंच नव्हतं, तिलासुद्धा नाही. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. ती रोज जिना चढते आणि उतरते.

"बरो आसा," मी म्हटलं.