धवलग्रहाच्या बांधावरून

एसटीच्या थांब्याकडे निघालं की आमच्या घरापुढे आधी भरावाचं मैदान लागतं. पूर्वी इथे मिठागर होतं. आता मुरूम टाकून सपाट केलंय. सगळं गाव त्यावरून तिरकं जातं, पाच मिनिटं वाचतात. फक्त माझे बाबा तसे जात नाहीत. ते कडेकडेने चालतात, काटकोनात वळतात, पुन्हा सरळ, पुन्हा वळतात. जिथे पूर्वी बांध होते तिथूनच. त्या रविवारी सकाळी मला सोडायला आले तेव्हाही तसेच आले. मी तिरकी जाऊन थांब्यावर त्यांची वाट बघत उभी.

"बाबा, आता कुठं मीठ हाय तिथं?"

"पायांना सवय हाय." मग म्हणाले, "पन तू जातेस कनाला? इसरले असतील ते सगले."

मी पनवेलला निघाले होते. तिथल्या एका मंगल कार्यालयात विज्ञानकथांच्या चाहत्यांचा मेळा होता. जुन्या मालिकांमधल्या वस्तू मांडणार होते, आणि 'धवलग्रह' या मालिकेतले दोन नट येणार होते.

ही मालिका मी तिसरीत असताना दर रविवारी लागायची. पांढऱ्याशुभ्र ग्रहावर उतरलेलं यान, त्याचा कॅप्टन, त्यातल्या शास्त्रज्ञ डॉक्टर मेधा. तो ग्रह म्हणजे आमचं मिठागर. आठवडाभर तिथे चित्रीकरण झालं, आणि मिठागरातल्या माणसांना मुखवटे घालून ग्रहवासी केलं. शेवटच्या भागात जखमी कॅप्टनला पाठीवर घेऊन जाणारा ग्रहवासी म्हणजे मीच, असं बाबा सांगायचे. वर म्हणायचे, चालताना मी त्याला दमसुद्धा दिला. मी हे शाळेत सांगितलं. पोरं म्हणाली, नावं दाखवतात त्यात बघू. पुढच्या रविवारी तो शेवटचा भाग लागणार होता, सगळे आमच्याच घरी जमले. नावं सरकली, बाबांचं नाव आलं नाही. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "बाबा, तू खोटारडा हायस." त्यानंतर त्यांनी ती गोष्ट कधीच काढली नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, बी.एस्सी., पदार्थविज्ञान. इतकं शिकले, पण त्या एका वाक्याची माफी मागायचं राहून गेलं. माफी मागायची तर आधी खरं काय ते कळायला हवं, म्हणून ही सगळी धडपड.

गव्हाण फाट्यापर्यंत खिडकीतून उलव्याच्या क्रेन दिसत राहिल्या. शेजारच्या मावशींच्या मांडीवर करंदीची (लहान कोळंबीची) टोपली होती. मी कुठे चालले ते ऐकून त्या म्हणाल्या, "नटांना बगाया? आमच्या बंदरावर ये, एकाहून एक नट हायत. दारू पिऊन आले की नुसती नाटकं!" सगळी एसटी हसली.

पनवेलला स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली आणि विचारत विचारत तलावाजवळचं कार्यालय गाठलं. दारावर आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. त्यांच्याखालून चंदेरी पोशाखातला एक गृहस्थ काखोटीला शिरस्त्राण मारून आत गेला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखी वेडी माणसं आणखी आहेत तर!

आत जेवणावळीच्या टेबलांवर खजिना मांडला होता. बॅटरी आणि दाढीचा आरसा जोडून केलेली किरणबंदूक, पत्र्याची यानं, फाटक्या कोपऱ्यांची पोस्टरं. नेऱ्याच्या एका निवृत्त मास्तरांनी 'धवलग्रह'चे सगळे भाग कॅसेटवर जपून ठेवले होते. दर कॅसेटवर सुवाच्य अक्षरात त्या भागाची हकिगत. त्यांनी हात लावू दिला नाही, पण वाचू दिलं. माणसाने एखाद्या गोष्टीवर जीव लावावा तर असा.

डॉक्टर मेधांचं काम केलेल्या बाई अगदी साध्या सुती साडीत बसल्या होत्या. मी रांगेतून पुढे गेले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मॅडम, तुमच्यामुळे मी फिजिक्स घेतलं."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, "मी स्वतः बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास. पदवी मिळाली?"

"फर्स्ट क्लास."

त्या खुर्चीतून उठल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "मग आज सही तू द्यायची." खरंच त्यांनी वही पुढे केली आणि माझी सही घेतली.

कॅप्टन मात्र रांगेत भेटले नाहीत. गुडघ्याच्या दुखण्यामुळे ते थेट कार्यक्रमालाच येणार होते. तोवर जेवण उरकावं म्हणून मी कोपऱ्यात डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि भाजलेल्या बोंबलाची चटणी. पंखा नेमका माझ्या पाठीमागे. वास सगळ्या हॉलभर गेला. चंदेरी गृहस्थ शिरस्त्राण चढवून म्हणाले, "ऑक्सिजन लीक झाला काय?" मी म्हटलं, "या जेवायला." ते आले, आणि अर्धी भाकरी खाऊन गेले.

दुपारी कॅप्टन काठी टेकत व्यासपीठावर चढले. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच. सगळा हॉल उभा राहिला, मीही राहिले. आधी पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरने पडद्यावर आपला अभ्यास मांडला. विषय असा, की धवलग्रहावरचे लोक नेहमी काटकोनातच का चालतात? शेवटच्या भागात कॅप्टनचा जीव जायची वेळ आली तरी तो ग्रहवासी सरळ न जाता तीन वळणं घेऊन का जातो? त्याच्या मते ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे. शेजारच्या पाटीवर त्याने खडूने सूत्रही लिहिलं होतं. मी तपासलं, सूत्र अगदी बरोबर होतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर सकाळचं भरावाचं मैदान आलं. हात वर कधी गेला ते मला कळलंच नाही.

"चुंबक नाही हो," मी म्हटलं. "ती पांढरी जमीन म्हणजे कोंडी, मीठ पिकवायचा वाफा. तिची जमीन पायांनी चोपून चोपून तयार करतात. मीठ धरलेलं असताना पाठीवर ओझं घेऊन कोणी आत पाय टाकत नाही. जमीन फुटते, सगळं मीठ मातीत जातं. म्हणून तो बांधावरून गेला."

"ताई, तो एलियन होता!" मागून कोणी तरी ओरडलं. हशा पिकला.

"एलियन नव्हता," मी म्हटलं. "माझे बाबा होते."

हसू थांबलं. कॅप्टनांनी माईक ओढून घेतला. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते.

"डायरेक्टर सांगत होता, सरळ कॅमेऱ्याकडे ये. हा पठ्ठ्या दर वेळी वळसा घालून जायचा. तीनदा घेतलं, तीनदा तेच. डायरेक्टर जाम चिडला. मी त्याच्या पाठीवरून म्हटलं, अहो, सरळ चला ना, माझी कंबर गेली. तर मुखवट्यातून आवाज आला..." ते हसले. "'सायेब, गप बसा. पाय घसरला तर मीठ बी जाईल...'"

"'...नि तुमी बी,'" मी म्हटलं.

बाबांनी तिसरीतल्या मला हेच वाक्य सांगितलं होतं. शब्द न् शब्द.

कॅप्टनांनी काठी बाजूला ठेवली. "शेवटी डायरेक्टर म्हणाला, राहू दे, ग्रहावरचे लोक असेच चालतात. चित्रीकरण त्याच प्रसंगापासून सुरू झालं होतं, मग पुढे सगळ्यांना तसंच चालायला लावलं." मग मला विचारलं, "त्यांचं नाव काय? तेव्हा विचारलं नाही आम्ही. चुकलंच ते."

"हिराजी."

पहिल्यांदा टाळी वाजवली ती त्या पुण्याच्या इंजिनिअरने. पाटीवरचं सूत्र पुसून त्याने खडूने लिहिलं, 'बांध'. शिकलेला माणूस असावा तर असा.

कॅप्टनांनी मेळ्यात मांडलेल्या त्याच प्रसंगाच्या फोटोवर लिहून दिलं, 'हिराजींना. त्यांनी मलाही सांभाळलं आणि मीठही.'

परतीच्या एसटीत तो फोटो मी मांडीवर उभा धरून बसले होते. ऊन कलताना उतरले तर बाबा थांब्यावर हजर. मी फोटो दिला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. मग म्हटलं, "बाबा, तवा मी तुला खोटारडा बोलले. चुकले मी."

त्यांनी फोटो उन्हाकडे धरून मुखवटा न्याहाळला. मग अंगठ्याने फोटोतली पांढरी कोंडी पुसल्यासारखी केली आणि विचारलं, "सायेब अजून तितकाच जड हाय?"

"वाळलाय."

"बरं झालं," ते म्हणाले आणि चालू लागले. भरावाच्या मैदानाशी आल्यावर ते नेहमीप्रमाणे कडेला वळले. तिरकी वाट माझ्यासमोर मोकळी होती. मी ती सोडली, आणि त्यांच्या पावलामागे पाऊल टाकत, जिथे ते वळले तिथे वळत, घरी आले.