पट्टा वाजला की

माझ्या गाडीला हॉर्नची गरजच नव्हती. बॉनेटच्या आत इंजिनाला एक रबरी पट्टा असतो, फॅनबेल्ट. माझ्या गाडीचा जुना होऊन ढिला पडला होता, आणि वळण घेतलं की असा किंचाळायचा, की बेव्हर्ली पार्कातली आमची अख्खी सोसायटी गॅलरीत यायची. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, "बहेन, इसका कुछ करो ना." मी म्हणायची, करते, करते. करत मात्र काहीच नव्हते.

कारण डोंगरी गावात, माहेरी, आईला तो आवाज ओळखीचा होता. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी तिच्याकडे जायची. भाऊ बोटीवर, त्यामुळे घरात आई आणि वहिनी दोघीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथलं वळण फार अरुंद. पट्टा तिथे हमखास वाजायचा आणि आई ओटीवरून ओरडायची, "माजी पोर आली!"

मग आईचं डोकं हळूहळू विस्कटत गेलं. आधी नावं गेली, मग चेहरे, शेवटी माझाही गेला. आवाज तेवढा राहिला. मी समोर उभी, हातात पावाची पिशवी, आणि आई मलाच सांगतेय, "बस बाय. माजी पोर येतेय, आताच गाडी वाजली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोरीत जाऊन रडले. नंतर म्हटलं, पाहुणी तर पाहुणी! पट्टा वाजला की ती खूश होऊन पोटभर जेवायची, आणि मला शेजारी बसून ते बघायला मिळायचं. मी एकटी राहते. लग्न केलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण माझी वाट बघणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं.

आणि तो पट्टा घोडबंदरला तुटला. काचेखाली लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, गाडी तापायला लागली. ओढून गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, "मैडम, शुकर करो इंजन नहीं बैठा." बॅटरी चार्ज करायची, इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवायचं, सगळं त्या एका पट्ट्यावर. त्याने नवा घातला. गाडी कशी गरीब गाईसारखी चालायला लागली.

त्या रविवारी क्रूसाचं वळण मी मुकाट्याने घेतलं. आई ओटीवर रस्त्याकडे डोळे लावून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. वहिनीने ताट आणलं, तर म्हणाली, "न्हाय. पोर आल्याव जेवन."

"अहो आई, हीच ना तुमची पोर," वहिनी म्हणाली.

आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही? ही म्हातारी?"

वहिनीला हसू फुटलं, मलाही. आई दिवसभर जेवली नाही, आणि मी निघाले तेव्हाही तशीच रस्त्याकडे बघत होती. नंतरही जेवली नाही, वहिनीने फोन करून सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी गॅरेज गाठलं. "भैया, बेल्ट थोडा ढीला कर दो."

"लोग आवाज बंद कराने आते हैं, मैडम."

मग त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "ढीला रखूँगा तो फिर टूटेगा. आपको रास्ते में छोड़ दूँ क्या?" मग तोच म्हणाला, "पानी मारके देखो. कभी कभी चिल्लाता है."

पुढच्या रविवारी क्रूसापाशी गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि पट्ट्यावर बाटली रिकामी केली. मेल्याने हूं की चूं केलं नाही. डोक्यावर टोपली घेऊन जाणारी एक बाई थांबली. "गरम झाली काय गाडी?" मी म्हटलं, हो. "मंग जरा कडेला बस बाय, होईल थंड," म्हणाली आणि गेली.

मी बॉनेट लावलं. आजूबाजूला कोणी नाही बघून, एवढी घोडी झालेय मी, पण नरड्याच्या देठापासून ओरडले, "चींऽऽऽ!" कुठलंसं कुत्रं भुंकलं. आणि ओटीवरून हाक आली, "माजी पोर आली! जेवन वाढ गो!"

गाडी तिथेच लावून धावत गेले. आईचं तोंड उजळलं होतं. कालवण-भात जेवली, पुन्हा मागून घेतला. वहिनी पदराने डोळे पुसत होती. मी आईच्या शेजारीच बसले होते. एकदा वाटलं, आता बघेल माझ्याकडे, आता ओळखेल. तिने बघितलंही. हात धुतला, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मायेने म्हणाली, "तू जा आता, बाय. माजी पोर आलीच हाय. तुजी पन घरी कोन तरी वाट बगत आसल ना?"

"हो," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.